खांबाआडची सभासद

गुंडाप्पाच्या गोदामात चारशे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, निम्म्या पांढऱ्या आणि निम्म्या मरून, आणि तरी त्याचा जीव पुरसभेतल्या, म्हणजे गावच्या नगरपालिकेतल्या, अध्यक्षाच्या एकाच खुर्चीत अडकला होता. हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तो स्वतःच म्हणून टाकत असे. भालकीच्या बसस्टँडवर म्हणाला होता, चहाच्या गाड्यावर म्हणाला होता, एकदा तर भर सत्कारात हातात माइक असताना म्हणाला होता. आपणच आपल्याला हसून घेतलं की दुसऱ्याच्या हसण्यातला दात पडतो, हे त्यानं मंडपाच्या धंद्यात शिकून घेतलं होतं. अलीकडे मात्र त्याच्या लक्षात येऊ लागलं होतं की दात पडलेला नाही. उलट, अध्यक्ष स्वतःच हसतोय म्हटल्यावर लोक तोंड भरून हसतात.

चंपाषष्ठीच्या सकाळी त्याच चारशांतल्या काही खुर्च्या तो अंगणात मांडत होता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवून जोर द्यायचा, कान लावायचा, मग ठेवायची. उन्हात राहून प्लास्टिक ठिसूळ होतं आणि बसणाऱ्याचं वजन मागं रेलतं, त्यामुळे मागचा पाय आधी जातो. मोडण्याच्या कितीतरी आधी तो बारीक करकरतो. करकरणाऱ्या तीन खुर्च्या त्यानं बाजूला काढल्या आणि त्यातली एक स्वतःसाठी ठेवली.

"काय रे अध्यक्षा, खुर्च्या लावायलास व्हय?"

थोरली बहीण जगदेवी अक्का रिक्षातून उतरत होत्या. भालकीहून पहिल्या बसने आल्या होत्या. काखेत पिशवी, पिशवीत वांगी. दरवर्षी तळीच्या भरिताची वांगी त्यांच्याच शेतातून यायची आणि दरवर्षी त्या ती स्वतः उचलून आणायच्या. भावांवर विश्वास असला तरी वांग्यांच्या बाबतीत नव्हता.

"लावायला येतंय की, अक्का," गुंडाप्पा पिशवी घेत म्हणाला. "सोडायलाच येत न्हाई."

अक्का हसल्या नाहीत. गुंडाप्पाचा विनोद वाया गेला की त्याला भूक लागायची. ती लागली.

"धाकट्याचा, अन्याचा फोन आलता मला," अक्का म्हणाल्या. "तळीला हात लावणार न्हाई म्हणायलाय. बापू गेल्यापासनं एक वर्स चुकलं न्हाई आपलं. काय केलास तू?"

"काहीच न्हाई केलो."

"तेच म्हणायलाय तो बी."

आता यात गुंडाप्पानं काय केलं नव्हतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुरसभेत सभासद तेवीस. अध्यक्षपद मागासवर्गातल्या ज्या गटासाठी राखीव निघालं, त्या गटाची माणसं सभागृहात दोनच: एक गुंडाप्पा, दुसरी त्याच्या धाकट्या भावाची, अनिलकुमारची, बायको मंगल. म्हणजे बेलूरगीच्या तीस हजार माणसांचा अध्यक्ष कोण व्हावा, हा प्रश्न एका घराच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. भावाभावांनी तो सोडवलाही लवकर. देव्हाऱ्यापुढं दोघांनी बेल-भंडारा उचलला. अर्धी मुदत थोरल्यानं घ्यायची, मग राजीनामा द्यायचा, उरलेली अर्धी मंगलची. मल्लण्णाच्या, म्हणजे खंडोबाच्या, साक्षीनं.

अर्धी मुदत भाद्रपदात सरली. गुंडाप्पानं आधी आचारसंहितेचे दिवस वजा केले, कारण त्या काळात सही चालत नव्हती. मग अधिक महिना वजा केला, कारण तो देवाचा, माणसाच्या करारात धरायचा नसतो. मग मुख्याधिकारी रजेवर होते ते दिवस वजा केले. या हिशेबानं त्याला अध्यक्ष होऊन जेमतेम चार महिने झाले होते. दसऱ्याला मात्र सगळ्यांसमोर अनिलकुमारनं विषय काढला, तेव्हा त्यानं सोनं वाटता वाटता राजीनामा लिहून दिला, बिदरला नेऊनही दिला. गोष्ट अशी की अध्यक्षाचा राजीनामा काही दिवस कच्चा असतो. मुदतीत मागे घेता येतो. ही सोय कायद्यात कुणी ठेवली कोण जाणे, पण ठेवणाऱ्यानं गुंडाप्पाला कुठंतरी पाहिलं असावं. पुढच्या मंगळवारी तो भाच्याच्या स्थळाचं बघायचं म्हणून बिदरला गेला आणि राजीनामा घेऊन परत आला.

"ताई, अण्णांना म्हणावं, चहा घेतेत का."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. दाराला पडदा होता, पडद्यामागे मंगल होती आणि पडद्यापासून हातभर अंतरावर गुंडाप्पा उभा होता.

"रेणुका," गुंडाप्पा हवेत बघत म्हणाला, "म्हणावं, बिनसाखरेचा."

गुंडाप्पाची बायको रेणुकाबाई चुलीपाशी रोडग्याचं पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी काय तुमचा लाउडस्पीकर हाव का? दोघांनाबी कान हायेत. तिनं ऐकलं, तुमी ऐकलाव, मधी माझं काय काम?"

पण काम होतं. मंगल लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून थोरल्या दिरासमोर तिचा पदर डोक्यावरून ढळला नव्हता, त्याच्यासमोर ती खुर्चीवर टेकली नव्हती आणि मराठीतला एक शब्द त्याच्याशी थेट बोलली नव्हती. गुंडाप्पाही नाही. वडिलांच्या, बापूंच्या घरची रीत होती ती, मेंढरांमागं पालं घेऊन हिंडायचे तेव्हापासूनची. एका पालात दहा माणसं राहायची तर अशा भिंती लागतातच. पुढं घरं झाली, विटांच्या भिंती झाल्या, तरी या भिंती कुणी पाडल्या नाहीत.

अडचण झाली ती पुरसभेच्या पहिल्या मीटिंगला. समोर उंचावर अध्यक्षाची खुर्ची, त्यात दीर. खाली सभासदांच्या रांगा. सगळे बसले. मंगल उभी. मुख्याधिकाऱ्यांनी "कूड्री मेडम, कूड्री" म्हणून पाहिलं. बसा म्हणजे कसं बसणार? सभागृह जुनं, निजामाच्या काळातलं, आणि मधोमध कवेत न मावणारा दगडी खांब. बराच वेळ उभं राहून झाल्यावर मंगलनं आपली खुर्ची उचलली, खांबामागं नेऊन ठेवली आणि तिथं बसली. तिथून अध्यक्ष दिसत नव्हते, अध्यक्षांना ती दिसत नव्हती. रीत राहिली.

आणि मग खांब बोलू लागला. कानडीत. पुरसभेचं कामकाज कानडीतलं, ती काही घरची भाषा नव्हे, त्यामुळे घरचा नियम तिला लागू नव्हता, असं मंगलनं मनाशी ठरवलं असावं. अठरा वर्षं न बोललेली बाई त्या एका दुपारी इतकं बोलली की गुंडाप्पाला प्यायला पाणी मागवावं लागलं. धनगर गल्लीची पाइपलाइन कागदावर पूर्ण झाली, ती जमिनीखाली कुठं आहे? टँकर रोज निघतो, तो कुठल्या गल्लीत रिकामा होतो? कारंज्याचं काम कुणाला विचारून काढलं?

कारंजं. त्याच्या कारकिर्दीचं एवढं एकच स्मारक. बसस्टँडसमोर बारा फूट उसळेल असं गुंडाप्पानं जाहीर केलं होतं. ज्या टाकीतून त्याला पाणी यायचं ती टाकी मुळात डोक्याच्या उंचीवर. टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर कारंजं चढत नसतं, आणि मधल्या वाकड्यातिकड्या नळांनी त्यातलंही बहुतेक सगळं खाल्लं. उद्घाटनाला बटण दाबलं तेव्हा पाणी वीतभर वर आलं, इकडंतिकडं बघितल्यासारखं झालं आणि खाली बसलं. आता तिथं शेरडं पाणी पितात. "मेंढक्याच्या पोरानं शेवटी शेरडांचीच सोय केली," हे गुंडाप्पा स्वतःच सगळ्यांना सांगे.

पण खुर्ची सुटत नव्हती, यामागं कारंजं नव्हतं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या लग्नांत मंडप घातले होते, आणि प्रत्येक लग्नात तो मागं, अॅम्प्लिफायरपाशी, वायरींच्या गुंत्यात उभा असायचा. "ए मंडपवाल्या, आवाज कमी कर." अध्यक्ष झाल्यापासून त्याच लग्नांत त्याला पुढच्या रांगेत बसवायचे, त्याच्याच खुर्चीवर, वर टॉवेल टाकून. "बर्री अध्यक्षरे." या, अध्यक्षसाहेब. बस्स, एवढंच होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी भंडारा मोडणारा माणूस किती हलका म्हणावा, याचं वजन त्यानं मनातल्या मनात अनेकदा केलं होतं. काटा हलत नव्हता.

अनिलकुमार दहाच्या सुमारास आला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता, गळीत हंगामात सुट्टी मिळणं कठीण. तो गेटातून आत आला, अक्काच्या पाया पडला आणि थोरल्या भावाला वळसा घालून तुळशीपाशी जाऊन उभा राहिला.

"बस की," गुंडाप्पा म्हणाला.

"खुर्च्या तुमच्या. तुमीच बसा."

"अन्या, सणाच्या दिवशी वाकडं बोलू न्हाई," अक्का मध्ये पडल्या.

"मी सरळच बोलायलाव, अक्का. अण्णांनी राजीनामा मागं घेतला ते मला कुणी सांगितलं म्हाईत हाय का? भावानं न्हाई. काट्यावर ऊस घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला. अफजलपूरकडचा. तिकडं कळालं, मला न्हाई कळालं. वर म्हणतो, तुमचे अण्णा लई गमतीदार हायेत बघा."

गुंडाप्पाला यातही एक विनोद दिसला. अफजलपूरपर्यंत कीर्ती गेली होती. तो जिभेवर आला आणि त्यानं तो गिळला.

"तसं न्हाई, अन्या. मेंबर लोकांचं म्हणणं पडलं, आत्ता बदल नगं..."

"भंडारा मेंबर लोकांनी उचललता का?"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि उपाध्यक्ष गुरुलिंग उतरले. पांढरे कपडे, कपाळावर विभूतीची ताजी रेघ. त्यांच्या घरात मल्लण्णाची तळी नसायची, पण तुरीच्या अडतीमुळे सगळ्या घरांशी संबंध, आणि सगळ्या घरांच्या सणांना ते हजर. आल्या आल्या अक्कांना हात जोडले, अनिलकुमारच्या खांद्यावर थोपटलं, पडद्याकडे बघून "नमस्कार री मंगलबाई" म्हटलं आणि गुंडाप्पाच्या कोपराला धरून त्याला गोदामाकडे घेऊन गेले.

गोदामात खुर्च्यांच्या चळती छतापर्यंत गेलेल्या. गुरुलिंग एका बुटक्या चळतीवर टेकले. पाच खुर्च्यांवर एकदम बसल्यामुळे ते जरा जास्तच उंच दिसत होते.

"अण्णा, घरात काय चाललंय ते बाहेरूनच कळालं मला. तुमी घाबरू नका. द्यायचा न्हाई राजीनामा."

"आन् अविश्वास आणला तर?"

"कोण आणतंय? मी हाय की. एक मेंबर हलत न्हाई."

गुंडाप्पाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याला शंका आली. "कामून हो एवढं? मी काय एवढा मोठा कारभारी न्हाई."

"तेच तर!" गुरुलिंग मोकळेपणानं म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी माया होती, हीच पंचाईत. "तुमच्यासारखा अध्यक्ष पुन्हा मिळत नसतोय. कागद पुढं ठेवला की सही. वाचायची भानगड न्हाई, प्रश्न न्हाई, वरून एक विनोद. बिदरच्या ऑफिसात बी म्हणतेत, तुमच्या गावात भांडणच न्हाई."

गुंडाप्पाला आजवर अनेक सत्कारांत मानपत्रं मिळाली होती. इतकं नेमकं एकही नव्हतं.

"आन् समजा," तो सावकाश म्हणाला, "दिला राजीनामा. मंगल आली. मग?"

"येऊ द्या की!" गुरुलिंगांनी खांदे उडवले. पुरसभेच्या टँकरचा ठेका त्यांच्या पुतण्याकडे होता आणि खांबामागून येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचं टोक कुठं जातं ते दोघांनाही माहीत होतं. "तुमी फक्त एक करा. सभासद म्हणून मीटिंगला यायचं आन् पहिल्या रांगेत बसायचं. काहीच बोलायचं न्हाई. बाई तुमच्यासमोर बसतेत का? न्हाई. अध्यक्षाची खुर्ची पुढं, खांब मागं. एकतर खांब उचलून पुढं न्यावा लागंल, न्हाईतर बाईला उभ्यानं कारभार करावा लागंल! दोन मीटिंगा उभ्यानं घेतील. तिसऱ्या मीटिंगला लोकच म्हणतेत, हिला बसता येईना, ही काय गाव चालवंल. आन् मग आमी तुमच्याच दारात."

आणि गुरुलिंग पोट धरून हसले.

गुंडाप्पाही हसला. सवयीनं. मग त्याला जाणवलं की हा विनोद ओळखीचा आहे. खांब उचलून पुढं न्यायचा. उभ्यानं कारभार. श्रावणात चहाच्या गाड्यावर, दहा-बारा माणसांत, हे शब्द न् शब्द त्यानंच म्हटले होते. तेव्हा सगळे हसले होते, गुरुलिंगही होते. त्यानं विनोद केला आणि तिथंच सोडून घरी आला. गुरुलिंगांनी तो उचलून नेला, अडतीवर तूर वाळवावी तसा वाळवला, निवडला आणि आता योजना म्हणून परत आणून दिला होता.

"बघा विचार करून," गुरुलिंग उठले. चळतीतली सगळ्यात वरची खुर्ची करकरली. "भरिताचा वास सुटलाय. चला."

अंगणात काळी घोंगडी अंथरली होती. तिच्यावर पितळी ताट. ताटात भंडारा, विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, बाजूला नैवेद्याला रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. तळी उचलायला पाच पुरुष लागतात. चुलत भाऊ सिद्धराम आणि त्याचे दोन मोठे मुलगे घोंगडीवर बसले होते. चौथा गुंडाप्पा येऊन बसला. पाचवी जागा रिकामी. अनिलकुमार तुळशीपाशी, हात पाठीमागं बांधून.

"अन्या, ये," अक्का म्हणाल्या. "देव उपाशी हाय."

"देवासमोर खोटं बोललेल्याच्या हाताला हात लावून मी ताट उचलणार न्हाई."

सिद्धराम चुळबुळला. त्याचा एक मुलगा फोन बघू लागला. गुरुलिंग अंगणाच्या कडेला, पांढऱ्या खुर्चीवर, डोळे मिटून जप करत असल्यासारखे बसले होते.

"लिहून देतो मी," गुंडाप्पा म्हणाला. "आत्ता. कागद आण कुणीतरी."

"लिहिलेलं लई झालं!" अक्का कडाडल्या. "तुझ्या लिहिण्याला काय शेंडा ना बुडका. आज देतोस, मंगळवारी आणतोस. दुसरं काय हाय ते बोल."

दुसरं काय होतं त्याच्याकडं? शपथ मोडून झाली होती. कागद परत आणून झाला होता. विनोद तर उधारीवर गेला होता आणि गुरुलिंगांच्या कामाला लागला होता. चारशे खुर्च्या तेवढ्या होत्या.

तो उठला.

गोदामात जाऊन त्यानं मरून चळतीतली एक खुर्ची काढली. पाठीवर तळहात दाबून ऐकलं. करकर नाही. दुसरीही दाबून बघितली, आणि पहिलीच पक्की केली. मग ती अंगणात आणली, खांद्यावरच्या टॉवेलनं बसायची जागा पुसली, पाठ पुसली, हात पुसले आणि घोंगडीच्या बरोबर समोर ठेवली. जिथं आपण बसलो होतो त्याच्या तोंडासमोर. मग परत जाऊन खाली घोंगडीवर मांडी घालून बसला.

"हे काय मांडलास रे?" अक्का म्हणाल्या.

गुंडाप्पानं स्वयंपाकघराच्या दाराकडं मान वळवली. हवेत नाही, पडद्याकडं. रेणुकाबाई परातीवरून वर बघू लागल्या, निरोप न्यायला सवयीनं तयार झाल्या. त्यांना निरोप मिळाला नाही.

"अध्यक्षरे," गुंडाप्पा म्हणाला, "बर्री. कूड्री."

पुरसभेतली कानडी या घराच्या अंगणात पहिल्यांदाच उच्चारली जात होती. या, बसा. एवढाच अर्थ. पण सिद्धरामच्या मुलानं फोन खाली ठेवला आणि गुरुलिंगांनी डोळे उघडले.

पडदा हलला. मंगल बाहेर आली. हाताला पीठ, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. खुर्चीपाशी आली आणि खुर्चीच्या मागं उभी राहिली. तेवढाच एक आडोसा होता.

"गुंड्या, डोकं फिरलंय का तुझं?" अक्का म्हणाल्या. "थोरला दीर खाली आन् भावजय खुर्चीवर? बापू असते तर..."

"बापू असते तर मला केव्हाच काठीनं हाणले असते, अक्का. ते न्हाईत म्हणून एवढं लांबलं." तो थांबला. "मी पुढच्या मीटिंगला पहिल्या रांगेत बसणार हाव. गुरुलिंगअण्णांनी जागा धरलीय माझ्यासाठी. व्हय ना हो?"

गुरुलिंगांनी घसा साफ केला. "मी? मी तर आपलं... सहज..."

"ही इथं बसली तरच तिथं बसंल. इथं न्हाई बसली तर तिथं उभी राहील, आन् मी समोर बसून बघत राहीन. मला तसं बघायचं न्हाई." त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य हसण्याशिवाय संपलं. पुढं काही जोडावं म्हणून त्यानं शोधलं. सापडलं नाही.

अनिलकुमारनं पाठीमागचे हात सोडले होते. ते आता कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

मंगलनं पदराआडून अंगण बघितलं. मग ती कानडीत, सभेत बोलायची त्याच स्पष्ट आवाजात म्हणाली, "इल्लि कंब इल्ल."

इथं खांब नाही.

"इल्ल री," गुंडाप्पा म्हणाला. नाहीच.

आत चुलीवर भाकरीचा तवा एकटाच तापत होता, त्याचा वास आला. रेणुकाबाई उठल्या. त्यांनी काही सांगितलं नाही, समजावलं नाही. फक्त येऊन मंगलच्या हाताला लागलेलं पीठ आपल्या पदरानं पुसलं, जसं काही खुर्ची खराब होईल, आणि बाजूला झाल्या.

मंगल खुर्चीसमोर आली. अगदी कडेला टेकली, उठायला सोपं जाईल इतकी. मग कुणी ओरडलं नाही, आभाळ पडलं नाही, म्हणून थोडी मागं सरकली. मग पाठ टेकली. खुर्ची करकरली नाही. गुंडाप्पानं ते गोदामातच ऐकून घेतलं होतं.

खालून वर बघताना त्याला एक गंमत कळली. तीस वर्षं तो खुर्च्या मांडत होता, पण बसलेलं माणूस खालून कसं दिसतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची छोटी दिसते. माणूसच दिसतं.

अक्कांनी कपाळावर हात मारला. दोन क्षण मारलेलाच ठेवला. मग ताटातला चिमूटभर भंडारा उचलला, खुर्चीपाशी गेल्या आणि मंगलच्या कपाळाला लावला. "आता ऐक गुंड्या," त्या मागं न वळता म्हणाल्या. "कागद बिदरहून आणता येतोय. पण हिला या खुर्चीतनं उठवायची झाली, तर तुला सगळ्या घरासमोर तुझ्या तोंडानं ऊठ म्हणावं लागंल. म्हणशील?"

"न्हाई, अक्का."

"सोमवारी अन्याच्या गाडीवर मागं बसून जा. कागद अन्याच्या खिशात राहू दे."

"व्हय."

"आन् मंगळवारी कुठल्याच भाच्याचं स्थळ बघायचं न्हाई."

पहिल्यांदा अंगणात कुणीतरी हसलं. अनिलकुमार होता. हसल्याचा त्याला रागही आला असावा, कारण तो तसाच तोंड वाकडं करून घोंगडीवर आला, थोरल्या भावाच्या शेजारी धपकन बसला आणि ताटाच्या कडेला हात लावला. दोघांचे अंगठे एकमेकांना चिकटले. अनिलकुमारनं अंगठा काढला नाही.

"येळकोट येळकोट!" सिद्धरामनं आरोळी दिली. ताट उचललं गेलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भंडारा उधळला. तो सगळ्यांवर पडला: घोंगडीवर, अक्कांच्या पांढऱ्या केसांवर, मरून खुर्चीच्या हातांवर आणि गुरुलिंगांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर. गुरुलिंग ते झटकत उठले, एका कामाची आठवण झाली म्हणाले. अक्कांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनी भरीत दोनदा घेतलं आणि टँकरचा विषय काढला नाही.

पंगत बसायच्या आधी मंगल खुर्चीतून उठली. कुणी उठवलं म्हणून नाही, रोडगे वाढायचे होते. वाढता वाढता ती गुंडाप्पाच्या पानापाशी आली. वाकली. पदर होता तिथंच होता.

"अण्णा," ती म्हणाली. मराठीत. "ते कारंजं. टाकी उंच करायची, का कारंजं खाली घ्यायचं?"

गुंडाप्पानं सवयीनं रेणुकाबाईंकडं बघितलं. रेणुकाबाई मुद्दाम दुसऱ्या पंगतीला भरीत वाढत होत्या, पाठ करून.

त्याला स्वतःलाच बोलावं लागलं.

"खालीच घ्या," तो म्हणाला. शब्द तोंडात नवीन दात बसवल्यासारखा लागला. मग जरा थांबून, "पण शेरडांची सोय तेवढी राहू द्या."

मंगलनं त्याच्या पानात आणखी एक रोडगा टाकला आणि पुढं गेली.